बाबांचा उरलेला शब्द

आमच्या बाबांजवळ शेवटी एकच शब्द उरला होता, आणि तोही इंग्रजी. ज्या माणसानं शाळेची पायरी चढली नाही, अंगठ्याशिवाय कुठं काही उमटवलं नाही, त्याच्या तोंडात देवानं नेमका इंग्रजी शब्द ठेवावा, याची माझ्या मायला फार चीड होती. "एकच ठेवाचा होता तं पोरीचं नाव ठेवाचं होतं, नाई तं माह्यं. हे काय ठेवलं?" असं ती चुलीपुढं बसून, धुरानं डोळे पुसत, कोणाला उद्देशून ते न सांगता म्हणायची. बाबा बाजेवरून ऐकायचे आणि उत्तर द्यायचे, "लाईन." तेवढंच त्यांना येत होतं.

पुढं मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांमध्ये शिकवलं, आणि हा शब्द धड्यात आला की मागच्या बाकावरचे पोट्टे खुदूखुदू हसायचे, कारण त्यांना लाईनीचा एकच अर्थ ठाऊक आणि तो बसस्टँडवरचा. मी डस्टर आपटून डिक्शनरी उघडायला लावायची. ओळ, रांग, रेघ, दोरी, तार, कपाळावरची आठी, घराण्याचा वंश, माणसाचा धंदा, गळाचा दोरा, सीमा... दीड रकाना भरून अर्थ, एका शब्दाचे. मुलं दमून जायची. मी नाही दमायची. त्यातले निम्मे अर्थ मी डिक्शनरी पाहायच्या आधीच आमच्या अंगणात ऐकून ठेवले होते.

आमचं गाव म्हणजे तलाव आणि त्याच्या पाळीखालची आम्हा मासेमार ढीवरांची घरं. पाळ म्हणजे तलावाचा बांध; त्यावर चिंचेची जुनी झाडं, आणि झाडांखाली सुकत टाकलेली जाळी. घरात सकाळी उठलं की पहिला वास जाळ्याचा, मग शेणसड्याचा, मग चुलीवरच्या पेजेचा. उन्हाळ्यात वांग्यात झिंगे घालून केलेली भाजी, पावसाळ्यात अंबाडीचा आंबट रस्सा, आणि वर जवसाच्या तेलाची धार. ते तेल आता चंद्रपूरच्या दुकानात बाटलीत मिळतं, माझी सून कौतुकानं आणते; पण भाजीवर टाकलं की घर काही तसं दरवळत नाही. म्हातारपणी नाकही म्हातारं होत असेल, तेलाला काय बोल लावायचा!

पावसाळा आणि हिवाळा बाबा तलावावर असायचे. थंडी सरली की गावातली काही माणसं आलापल्लीकडं जंगलकामाला जात, त्यांत बाबाही. तिथं सागाच्या जंगलात आग पसरू नये म्हणून आधीच एक पट्टा साफ करून ठेवतात. पाला झाडून, गवत कापून, तो पट्टा माणसं उभी राहून बेतानं जाळतात, म्हणजे पुढं वणवा लागला तरी त्या पट्ट्यावर येऊन अडतो. त्याला म्हणतात फायर लाईन. हे काम करताना माणसांना एका ओळीत पुढं सरकावं लागतं; एकजण पुढं गेला, एकजण मागं राहिला की आग मधून निसटते. म्हणून त्यांचा मुकादम सारखा ओरडायचा, "लाईऽन! लाईऽन!" बाबांना तो शब्द भलताच आवडला. घरी आले ते शब्द घेऊनच आले.

आणि तो त्यांनी तलावात नेला. आमच्याकडं मोठं जाळं वर्षातून एकदाच ओढत, पाणी उतरलं की. साऱ्या घरांचं मिळून एक जाळं. दोन्ही अंगांना दोर, दोरांवर माणसं, छातीभर पाण्यातून हळूहळू पाळीकडं ओढत आणायचं. यातही तीच गोष्ट: एक बाजू पुढं गेली की जाळ्याचं बूड उचललं जातं आणि मासोळी खालून पसार. आधी कोणी "हो हो" करायचं, कोणी शिव्या द्यायचं. बाबांनी "लाईऽन" सुरू केलं. मधला 'ई' लांबवला की दम घ्यायचा, तोडला की ओढायचं. दोनचार वर्षांत गावाला त्याची अशी सवय लागली की बाबांनी हाक दिल्याशिवाय कोणाचा खांदा हलत नसे.

मग एका सकाळी तोंड धुता धुता बाबा घाटावर बसले ते उठलेच नाहीत. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत राहिला, आणि वाचा गेली. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाव विचारलं, बाबांनी बराच जोर लावला, घाम फुटला, आणि म्हणाले, "लाईन." डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, सारं पुसलं जातं आणि एखादा शब्द चिकटून राहतो. मायनं विचारलं, "मंग तो घासून दुसरा नाई का निंगत?" डॉक्टर हसले. माय हसली नाही.

त्या शब्दावर आमचं घर चालू लागलं. पाणी पाहिजे, लाईन. बिडी पाहिजे, लाईन. कोंबडी घरात शिरली, लाईन! मी शाळेतून आली की हनुवटी वर करून, हळूच, लाईन. मला वाटतं माझ्याएवढं ते कोणालाच कळत नव्हतं. मी तेव्हा सातवीत होती, आणि शेजारच्या बायका बाबांशी बोलायला आल्या की मी मध्ये बसून सांगायची, आता ते पोरांची चौकशी करून राह्यले, आता ते म्हणते बस, निंघ आता. एकदा ऊर्जानगरचा माझा वासुदेव मामा आला. तो तिथल्या वीज केंद्रात कामाला, क्वार्टरमध्ये राहायचा. आमच्या गावात तेव्हा नुसते खांब उभे होते, तारेत काही नव्हतं. बाबा त्याला पाहून म्हणाले, "लाईन, लाईन." मामा बाजेवर बसून मोठ्या आपुलकीनं समजावू लागला, "येईन भाऊजी, तुमच्या गावालेही लाईन येईन. आमी तिकडं रात्रंदिवस तेच बनवून राह्यलो." बाबांना लघवीला जायचं होतं. माय तोंडाला पदर लावून हसली, लकव्यानंतर पहिल्यांदा.

पण मामा त्या वेळी गप्पा मारायला आला नव्हता. तो आम्हाला न्यायला आला होता.

आमच्या तलावाचा नियम असा होता. मोठ्या जाळ्याच्या दोराला ज्या घराचा हात, त्या घराला वाटा. आणि वाटा म्हणजे नुसती त्या दिवसाची मासोळी नव्हे. ज्याचा वाटा त्याचा तलाव: वर्षभर त्यानं जाळं टाकावं, त्याच्या बाईनं झिंगे धरावे, शिंगाडे काढावे. कोणी आजारी पडलं तर एक वर्ष त्याचा वाटा तसाच द्यायचे. बाबांचं ते वर्ष होऊन गेलं होतं; त्या खेपेला जाळं हाकेविनाच, शिव्या देत ओढलं होतं. घरात दुसरा पुरुष नव्हता. मी एकटी, तीही पोरगी. जाळं ओढायचा दिवस जवळ आला तसे सोमाजीभाऊ आमच्या अंगणात आले. तलावाचं सारं तेच पाहायचे. माणूस वाईट नव्हता, पण नियम बोलताना आवाज कोरडा व्हायचा. मायला म्हणाले, "तानाबाई, मले बी चांगलं नाई वाटून राह्यलं. पन एकाले सोडलं का उद्या सारेच म्हनतीन. मारोतीची लाईन आता बंद झाली, काय कराचं!" लाईन हा शब्द आता गावातला प्रत्येक माणूस बोलायचा, बाबांकडून उचललेला. बाबांनी तो ऐकला आणि भिंतीकडं तोंड केलं.

मामाचं म्हणणं सरळ होतं. "बाई, इथी काय ठेवलं हाय? तलाव नाई तं खासान काय? तिकडं क्वार्टरच्या लाईनीत धा घरी भांड्याचं काम भेटते. शेवंतीची शाळा होईन." शेवंती म्हणजे मी. यात खोटं काहीच नव्हतं. पण बाबा? मी ऊर्जानगर पाहिलं होतं. एकसारखी घरं, एकसारखी दारं, दिवसभर यंत्रांची घरघर. तिथं कोणाला कळणार होतं बाबा काय म्हणतात ते? इथं निदान झिंगरू बुढा येऊन तासभर बसायचा, आणि दोघांचं एका शब्दात मस्त चालायचं. मी मामाला तसं म्हटलं. मामा म्हणाला, "पोट्टी, पोट शब्दानं नाई भरत." खरं होतं, पण मला त्याचा इतका राग आला की मी त्याला चहा नेऊन दिला नाही.

मायनं मामाला एवढंच सांगितलं, "जाळं होऊन जाऊ दे. मंग पाहू." संध्याकाळी ती बाबांच्या बाजेपाशी बसली, त्यांच्या उजव्या हाताला तेल चोळत काहीतरी हळू बोलली. बाबांनी सारं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लाईन." मी आतून ऐकत होती आणि पहिल्यांदा मला त्याचा अर्थ लागला नाही.

जाळ्याच्या सकाळी मायनं मला आणि मामाला बाबांना उचलून पाळीवर न्यायला लावलं. चिंचेखाली बाज ठेवली. सारा गाव जमला होता. पोरं, कुत्री, आभाळात घारी. माणसं दोर घेऊन पाण्यात उतरली, जाळं दूर घेऊन गेली, वळली. तेवढ्यात माय लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून पाण्यात उतरली. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. बाबा जिथं धरायचे, डाव्या दोरावर दुसरे, तिथं जाऊन तिनं दोर धरला.

सारे थांबले. आमच्यात मोठ्या जाळ्याला बाई हात लावत नाही. का, ते कोणी सांगत नाही. नाही लावत म्हणजे नाही. सोमाजीभाऊ उजव्या दोरावरून ओरडले, "तानाबाई, निंघ! बाईचा हात लागला का तलाव नासते!"

"पानी कोन भरते तलावाचं?" माय तिकडून ओरडली. "रोज दोन टाइम माह्याच घागरी बुडते ना याच्यात? तवा नाई नासत?"

"दोराची गोष्ट अलग हाय!"

"हाव ना. दोराले हात पाह्यजे म्हने. हा घ्या हात."

कोणी हसलं, कोणी "अगा बाप्पा!" म्हटलं. पण दोर कोणीच ओढेना. परक्याच्या बायकोला हात धरून बाहेर कोण काढणार? मग ते नुसते उभे राहिले. जाळं पाण्यात ढिलं पडू लागलं, बूड सुटायला लागलं, मधेच एक रोहू सळकन वर उडून पलीकडं गेली. वर्षाची मासोळी डोळ्यांदेखत जात होती, आणि सारे मायकडं पाहत होते, म्हणजे ही कधी सोडते. मायचा चेहरा मला दिसत होता. तिनं एकदा पाळीकडं पाहिलं. मला वाटलं, आता सोडते. मी रडायला लागली. मामा म्हणाला, "बस झालं बाई, ये बाहेर," पण त्याचा आवाज तिथवर पोचलाच नाही.

आणि माझ्या मागून हाक आली. "लाईऽऽन!"

बाबा डाव्या हातावर रेटून बाजेवर अर्धे उठले होते. मान ताठ, नजर जाळ्यावर. ती पाण्याची हाक नव्हती, बिडीची नव्हती, माझीही नव्हती. ती जुनी हाक होती, लकव्याच्या आधीची, अर्धा तलाव ओलांडून जाणारी. मधला 'ई' त्यांनी लांबवला, लांबवला, आणि तोडला.

आणि खांदे हलले. देवाशप्पथ सांगते, कोणी ठरवून ओढलं नाही. वर्षानुवर्षांची सवय, हाक तुटली की ओढायचं. दोन्ही दोर एकदम ताणले गेले, जाळं पुढं सरकलं, मायसकट. सोमाजीभाऊंनीही ओढलं. मग थांबून विचार करायला वेळच नव्हता, कारण बाबांची दुसरी हाक आली, मग तिसरी. घशाच्या शिरा फुगल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती, मी हातानं पुसायला गेली तर त्यांनी मला कोपरानं ढकललं. जाळं पाळीला लागलं तेव्हा त्यात मासोळी नुसती उसळत होती. मरळ, रोहू, मागूर, चांदीसारखी बारकी मासोळी.

आता वाटे. आमच्याकडं वाटे पाळीवर एका ओळीत मांडतात. वाटे घालणारे सोमाजीभाऊ. झिंगरू बुढा सगळ्यांत वडील, म्हणून तो वाट्यांकडं पाठ करून, तलावाकडं तोंड करून बसायचा. सोमाजीभाऊंनी एका वाट्याला काठी लावून विचारायचं, "हा कोनाचा?" बुढ्यानं न पाहता एकेका घराचं नाव घ्यायचं. त्यानं नाव घेतलं की तो वाटा त्या घराचा, लहान निघो की मोठा. त्यात फिरवाफिरव नाही. आणि वाटे घालणाऱ्याचं नाव नेहमी शेवटी, म्हणजे तो हातचलाखी करणार नाही.

सोमाजीभाऊंनी कोणाशी न बोलता वाटे घातले. मी घरं आणि वाटे बोटांवर मोजले. एक वाटा कमी होता. माय ओल्या लुगड्यानं चिंचेखाली उभी होती, तिनंही मोजले असावे.

"हा कोनाचा?" "रामाजीचा." "हा कोनाचा?" "विठूचा." काठी पुढं सरकत होती. ओळीच्या मधोमध एक बऱ्यापैकी वाटा होता, वर एक काळीकुळकुळीत मरळ तोंड उघडझाप करत पडलेली. "हा कोनाचा?"

झिंगरू बुढ्यानं तलावाकडं पाहत नाक शिंकरलं. "तानाबाईचा," तो म्हणाला.

त्या पाळीवर बाईचं नाव त्याआधी कोणी घेतलं नव्हतं. सोमाजीभाऊंची काठी तिथंच थांबली. पण नाव घेतलं गेलं होतं, आणि तो नियम त्यांनीच साऱ्या गावाला शिकवलेला. ते पुढं गेले. शेवटचा वाटाही दुसऱ्याच्या नावावर गेला. काठी लावायला काही उरलं नाही. "आता सोमाजीचा," बुढा पाठमोराच म्हणाला, आणि थोडं थांबून, "काऊन रे, लाव ना काठी. आवाज नाई आला."

सोमाजीभाऊ रिकाम्या जागेकडं पाहत उभे होते. एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झालेला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पुढं लोकांनी बुढ्याला कितीदा विचारलं, मुद्दाम केलं का म्हणून. तो म्हणायचा, "माह्यी तं पाठ होती. मले काय दिसते?"

तेव्हा बाबा म्हणाले, "लाईन." हळूच. डाव्या हातानं आमच्या वाट्याकडं बोट दाखवून, मग ओळीच्या टोकाकडं, सोमाजीभाऊंच्या पायांपाशी. साऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणजे आता पोट्टी सांगेल. मला सांगायचं नव्हतं, पण मायला माझ्याआधीच कळलं होतं. "याले द्याचं?" ती बाबांवर चिडली. "काऊन? माह्या नावचा वाटा हाय तो!" बाबा पुन्हा म्हणाले, लाईन. माय पुटपुटत वाकली, आणि वाट्यातली सर्वांत लहान रोहू उचलून टोकाला नेऊन टाकली. मरळ नाही दिली. मग रामाजीकाकानं आपल्या वाट्यातून एक उचलली, मग विठूनं, मग एकेकानं. ओळीच्या टोकाला सोमाजीभाऊंचा वाटा उभा राहिला. ते खाली बसले, आणि मायकडं न पाहता म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर येजो, बाई. डाव्या दोरावर मानसं कमी पडून राह्यले."

त्या दिवशी मायनं मरळीचा रस्सा केला, अंबाडी घालून. मामानं चाटूनपुसून खाल्लं, आणि दुपारच्या गाडीनं एकटाच निघाला. जाताना म्हणाला, "राह्य मंग बाई, इथीच राह्य," आणि माझ्या हातात चहाचा रिकामा कप देऊन गेला, कारण या खेपेला मी त्याला चहा केला होता.

बाबा त्यानंतर आणखी काही वर्षं जगले. दर उन्हाळ्यात त्यांची बाज चिंचेखाली जायची, हाक तेच द्यायचे, दोर माय ओढायची. आता गावात वीज आहे, वारा सुटला की "लाईन गेली" म्हणून लोक ओरडतात. माझी नात फोनवरून म्हणते, "आजी, ऑनलाइन ये ना!" मला दरवेळी वाटतं, पोरी, मी तिथूनच तर आली.

बाबा गेले त्या वर्षी मी मास्तरणीच्या शिक्षणाला होती, जाळ्यासाठी घरी आली. माणसं पाण्यात उतरली, जाळं वळवून आणलं, दोर खांद्यावर घेतले आणि थांबली. आधी मला कळेना का थांबली. मग पाहिलं तर सारे चिंचेकडं पाहत होते. तिथं बाज नव्हती. सोमाजीभाऊंनी घसा खाकरला, पण आवाज काढला नाही. पाणीसुद्धा हलत नव्हतं.

डाव्या दोरावर, दुसऱ्या जागेवर, माझी माय छातीभर पाण्यात उभी होती. तिनं आयुष्यभर त्या शब्दाला शिव्या घातल्या होत्या. तिनं डोळे मिटले, मान वर केली, आणि हाक दिली, "लाईऽऽन!"

खांदे हलले, आणि जाळं पुढं सरकलं.